नाडी आणि चढ

उठलो तर अंग मोडून आलेलं, घसा खवखवतोय. सायकल पडवीत तयार, काल रात्रीच हवा भरलेली. सायकलवाल्यांचा ढोबळ नियम असा: त्रास मानेच्या वर, म्हणजे नुसती सर्दी-शिंका, तर हळूहळू चालवा, छातीत कफ, अंगात ताप, तर नको. अंथरुणातच नाडी मोजली. ८४. एरवी ६२ असते. ताप एक अंश सेल्सिअस चढला की ठोके दहाएक वाढतात म्हणे, आणि अजून आरे-वारेचा चढ बाकीच! वर पोचलं की दोन्ही बाजूंना पुळण, समोर समुद्र, अन् घामेजल्या छातीवर थेट खारा वारा. आई चुलीपाशून म्हणाली, "मेल्या, एस्टीने जा, नाहीतर नीज."

हेल्मेट खुंटीला अडकवलं. सुंठीचा काढा घेतला. जाता जाता टायर तेवढा अंगठ्याने दाबून पाहिला.