डबल बेल

सुट्टी लागली की साताऱ्यातल्या आमच्या आळीतली निम्मी पोरं मामाच्या गावाला पांगायची. उरायचो आम्ही सहाजण. कुणाचा मामा याच गावात, कुणाला मामाच नाही. मग भर दुपारी, मोठी माणसं आमरस खाऊन घोरायला लागली की वाड्याच्या जोत्यावरून आमची एसटी सुटायची. सातारा ते स्वारगेट, 110 किलोमीटर.

तीन पायऱ्या म्हणजे तीन बाकं. चाळणीची निखळलेली कड हे स्टिअरिंग. तिकिटं म्हणजे 1984 च्या कॅलेंडरची, तारीख उलटून गेलेली पानं. त्यांना भोक पाडायला आजीचा अडकित्ता. भोक कधीच पडलं नाही, तो नुसता टकटक वाजायचा. पैसे चिंचोक्यांचे, आणि सुट्टे नसले तर बाकी तिकिटाच्या मागे लिहून मिळायची. माझे सात चिंचोके अजून येणं आहेत.

कंडक्टर व्हायला भांडणं. ड्रायव्हर व्हायला कुणी तयार नसे; त्याला सगळ्यांकडे पाठ करून बसावं लागतं, ओरडता येत नाही. त्याचं सुख एकाच जागी, खंबाटकीच्या घाटात. आता साताऱ्याहून पुण्याला जाताना तिथं बोगदा लागतो, डोळे मिचकावेपर्यंत पलीकडे. आमचा घाट तासभर चढायचा. ड्रायव्हर घशातून गिअर टाकायचा, आम्ही वळणावळणाला एकमेकांच्या अंगावर कलंडायचो. पाचवडला, शिरवळला आलेपाक विकणारा पोरगा एकच, फक्त टोपी फिरवून घातलेली.

सगळ्यांत धाकटी कच्चा लिंबू. तिला काम एकच, बस लागण्याचं. ते ती इतक्या मन लावून करायची, की एकदा समोरच्या काकू लिंबू घेऊन धावत आल्या.

पाच वाजता नळाला पाणी यायचं. हाका सुरू व्हायच्या. कंडक्टर तोंडानं एकदाच टण् करायचा. गाडी घाटात उभी राहायची आणि प्रवासी कळश्या भरायला पळायचे. अर्ध्या तासानं ओल्या पायांनी परत. साताऱ्यापासून पुन्हा निघू, असं कुणाच्या मनातही यायचं नाही. ज्याच्या त्याच्या जागेवर जो तो.

टण् टण्.

धाकटी फ्रॉकला हात पुसत विचारायची, "माझी ओकारी झाली होती का?"

"झाली," कंडक्टर म्हणायचा. "आता तुला झोप लागलीय."