मध्यरात्रीचे सोनेगाव

मुंबईहून नागपूर लोहमार्गाने 837 किलोमीटर दूर आहे, आकाशमार्गाने मात्र ते अंतर सातशेच्याही आत भरते. आगगाडीला जिथे एक अख्खी रात्र लागते, तिथे विमान दीड तासात नेऊन सोडते. असे असूनही विमानप्रवासाविषयी मला कधी ममत्व वाटले नाही, कारण कसाऱ्याचा घाट, भुसावळला अर्धवट झोपेत कानी पडणारी चहावाल्याची आरोळी आणि वऱ्हाडच्या काळ्या रानांवर उजाडणारी पहाट यांवाचून विदर्भात पोचणे म्हणजे ओसरी न ओलांडता थेट माजघरात शिरणे, अशी माझी जुनी धारणा होती.

ती हलवली या खेपेस नागपूरच्या विमानात शेजारच्या आसनावर बसलेल्या एका वयोवृद्ध गृहस्थांनी. हे रेल्वे डाक सेवेतून निवृत्त झालेले, आणि त्यांचे वडील टपाल खात्यातर्फे नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर रात्रपाळीला तैनात असलेले. "नागपूरचं विमान म्हटलं की आमच्या घरी रात्रच आठवते," ते म्हणाले, आणि माझे कुतूहल जागे झाले.

1949 च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रात्री निघालेली विमाने देशाच्या मध्यावर, नागपुरास, एकत्र येत, एकमेकांच्या थैल्या व उतारू बदलून घेत आणि उजाडायच्या सुमारास आपापल्या शहरी परतत. कोणत्याही विमानास सबंध देश ओलांडावा लागत नसे, आणि मद्रासेस संध्याकाळी टाकलेले पत्र सकाळी दिल्लीत उतरत असे. त्याच वर्षी साध्या टपालहशिलातच पत्रे विमानाने नेण्याची योजनाही अमलात आली. ज्या विमानात बसण्याची ऐपत मूठभरांची, त्यातून खेड्यातल्या माणसाचे पत्र जावे, ही त्या नवस्वतंत्र राष्ट्राची उदारता मला धरणांइतकीच थोर वाटते, आणि त्या काळाच्या वर्णनांत हिला क्वचितच जागा मिळते याचा विषादही वाटतो.

"चारही विमानं आल्याशिवाय एकालाही निघता येत नसे," ते सांगत होते. "पावसाळ्यात कलकत्त्याचं खोळंबलं, की बाबा मैदानात येऊन पूर्वेकडे पाहत उभे राहायचे." थैलीच्या गळ्याची सुतळी आणि तिच्यावरची लाखेची मोहर वडील आधी कंदिलाच्या उजेडात न्याहाळत, मग अंगठा फिरवून तडा चाचपत, मोहर फुटकी आढळली, तर तशी नोंद झाल्यावाचून ती थैली पुढे सरकत नसे. हे सांगताना त्यांचाही अंगठा समोरच्या फळीच्या कडेवरून सावकाश फिरत होता, आणि खाली कोणती नदी गेली, कोणता डोंगर, याकडे माझे एकदाही लक्ष गेले नाही.

नागपुरातील काम आणि आप्तेष्टांच्या भेटी यथासांग पार पडल्या. एका दुपारी शून्य मैलाच्या स्तंभापाशी गेलो, दगडात कोरलेले हैदराबादचे 318 मैल वाचले. पण मोजणीखात्याच्या त्या कीर्तिस्तंभापेक्षा मला सोनेगावचे ते मैदानच देशाचा खरा मध्य वाटले, कारण तिथे चार दिशांची माणसे एकमेकांसाठी जागत होती.

परतीचे विमान मी मुद्दाम रात्री उशिराचे घेतले, आणि खिडकीची जागा मिळावी म्हणून चार पैसे अधिक मोजले.