नांदेड ते लातूर : पोरं टोळीत का जातात?

नांदेडहून लातूरला जाणारी एस.टी. लोहा, अहमदपूर, चाकूर असे थांबे घेत जाते. अंतर एकशे चाळीस किलोमीटरच्या आसपास. नोकरी सांभाळून सामाजिक कामासाठी या रस्त्याने माझे वर्षानुवर्षे येणे-जाणे आहे. दोन्ही बाजूंना सोयाबीन, तूर, हरभऱ्याची रानं. प्रत्येक फाट्यावर चहाची टपरी आणि टपरीच्या वर मोठा फलक. पूर्वी फलकावर फक्त पुढारी असत. आता अधूनमधून काळा चष्मा लावलेला एखादा 'भाई'ही दिसतो. खाली 'शुभेच्छुक' म्हणून वीस-पंचवीस पोरांचे चेहरे. काहींना तर मिसरूडही फुटलेले नसते. वाढदिवसाचा केक तलवारीने कापला, त्याचे चित्रीकरण मोबाईलवर फिरले आणि पोलिसांनी गुन्हा नोंदवला, अशा बातम्या आता नवीन राहिलेल्या नाहीत.

वाचक बंधू-भगिनींनो, भाईची गोष्ट वर्तमानपत्रे सांगतातच. मला लिहायचे आहे ते या खालच्या चेहऱ्यांबद्दल. ही पोरं सर्व जातीधर्मांच्या कष्टकरी वस्त्यांतली आहेत, आणि आपल्या वस्त्याही त्यातून सुटलेल्या नाहीत. ती तिथे कशी पोचतात?

गोदाकाठचे नांदेड

नांदेड हे गोदावरीच्या काठचे जुने शहर. सचखंड गुरुद्वाऱ्यामुळे देशभरातून यात्रेकरू येतात. विष्णुपुरीला १९९४ पासून विद्यापीठ आहे. पण कष्टकऱ्यांच्या आठवणीत नांदेड म्हणजे उस्मानशाही मिल. निजामाच्या काळातली ही कापडगिरणी. मिलचा भोंगा झाला की घराघरांत चूल पेटायची, असे जुनी माणसे सांगतात. मिल बंद पडली आणि बापाच्या जागी पोरगा लागण्याची वाटही बंद झाली.

मुंबईत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. संप चिघळला, गिरण्या मोडकळीला आल्या आणि गिरणगावातली तरणी पोरं नाक्यावर आली. टोळ्या संपाच्या आधीही होत्या. पण संपानंतर त्यांना पोरांचा तुटवडा पडला नाही. मराठवाड्यातून पोट भरायला मुंबईला गेलेल्या कितीतरी कुटुंबांनी हा काळ डोळ्यांनी पाहिला आहे.

अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९३८ साली याचे एक कारण मांडले. समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो : पैसा मिळव, मोठा हो. पण तिथे पोचण्याचा सरळ रस्ता सगळ्यांना देत नाही. स्वप्न सर्वांना आणि शिडी थोड्यांना, अशी स्थिती झाली की काही जण आडवाट धरतात. घरात पत्र्याखाली सहा माणसे आणि हातातल्या मोबाईलवर लाखाची मोटारसायकल, हे ज्या पोराच्या वाट्याला आले त्याला मर्टन समजावून सांगावा लागत नाही.

पण एवढ्याने उत्तर पुरे होत नाही. त्याच पत्र्याखाली राहणारी शंभरातली बहुतेक पोरं हमाली करतात, बांधकामावर जातात, भरतीसाठी पहाटे पळतात, पण टोळीत जात नाहीत. मग एखादाच का जातो?

रिचर्ड क्लोवर्ड आणि लॉइड ओहलिन या दोघांनी १९६० साली याचे उत्तर शोधले. त्यांचे म्हणणे असे की, आडवाटेलाही दार लागते. ते दार उघडणारा कोणी वस्तीत असावा लागतो. नांदेडमध्ये अशी दारे कोणती, ते सर्वांना ठाऊक आहे : मटका, अवैध दारू आणि गोदावरीची वाळू. महसूल खात्याची माणसे नदीवर जाऊन वाळूउपशाचे तराफे जाळतात, नष्ट करतात, आणि तरीही उपसा चालतो. या धंद्यात नदीत बुडी मारणारा मजूर लागतो, रात्री गाडी चालवणारा लागतो, आणि फाट्यावर बसून 'साहेबाची गाडी आली' असा फोन करणारा पोरगाही लागतो. या शेवटच्या पोराला वाटते, आपण काय गुन्हा केला? नुसता फोन तर केला. पण त्या रात्री त्याच्या हातात जी नोट पडते, ती त्याची पहिली 'नोकरी' असते.

पुढची पायरी खंडणीची. ५ एप्रिल २०२२ रोजी नांदेडमध्ये बांधकाम व्यावसायिक संजय बियाणी यांचा त्यांच्या घरासमोर गोळ्या झाडून खून झाला. तपासात पोलिसांनी फरार गुंड हरविंदरसिंग रिंदा याच्या टोळीचे नाव घेतले. मारेकरी मोटारसायकलवर आले होते. सूत्रे दुरून हलवता येतात, पण गोळी झाडायला, पाळत ठेवायला आणि गाडी पुरवायला जागेवरची माणसे लागतात. ती मिळतात, म्हणून टोळी चालते.

रक्ताचा दोष नव्हे

लोहा सोडून गाडी अहमदपूरकडे निघाली की प्रवाशांच्या गप्पा रंगतात. एखादा हमखास म्हणतो, 'त्या वस्तीतलीच ती जात, रक्तातच आहे त्यांच्या.' हे वाक्य आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो आहोत. त्याला उत्तर तयार असावे, म्हणून सांगतो.

शिकागो शहरात क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी पोरांच्या गुन्ह्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदी नकाशावर मांडल्या आणि १९४२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांना दिसले ते असे : कारखान्यांलगतच्या पडक्या वस्त्यांत आधी एका देशातून आलेले लोक राहत, ते गेले, दुसऱ्या देशातले आले, पुढे तिसरे आले. माणसे बदलली, पण गुन्ह्यांचे प्रमाण त्याच वस्त्यांत जास्त राहिले. आणि जे लोक तिथून बाहेर पडून चांगल्या वस्तीत गेले, त्यांच्या पोरांतले गुन्हे कमी झाले. म्हणजे दोष रक्तात नव्हता. तो वस्तीच्या हलाखीत होता आणि तिथे एकमेकांना बांधून ठेवणारे काही उरले नव्हते, त्यात होता.

लातूरची दुसरी बाजू

लातूर म्हणजे शिक्षणाचे नाव. 'लातूर पॅटर्न' ऐकून बाहेरच्या जिल्ह्यांतले आईबाप शेत गहाण टाकून मुलांना इथे ठेवतात. शिकवणी वर्गांच्या भागात संध्याकाळी पाठीवर दप्तर घेतलेल्या मुलामुलींची जत्रा भरते. याच लातुरात जून २०१८ मध्ये एका शिकवणी वर्गाच्या संचालकाचा गोळ्या घालून खून झाला. धंद्यातल्या चढाओढीतून सुपारी देऊन हा खून करवला, असा पोलिसांचा आरोप होता.

इथे थांबून विचार करावा. गुन्हेगारी म्हणजे गरिबांचे काम, असे म्हणणाऱ्यांना एडविन सदरलँड यांनी १९३९ सालीच टोकले होते. पांढरपेशांचेही गुन्हे असतात, ते फक्त मोजले जात नाहीत, असे ते म्हणाले. सुपारीला दोन हात लागतात, देणारा आणि घेणारा. देणाऱ्याजवळ पैसा असतो, वकील असतो. घेणारा पोरगा वीस-बावीस वर्षांचा असतो आणि कारागृहाच्या दारात तासन्‌तास उभी राहते ती त्याची आई, धुणीभांडी करून आलेली.

सदरलँड यांचा दुसरा सिद्धांत आईबापांनी लक्षात ठेवावा असा आहे. गुन्हा हा शिकलेला असतो. जशी सुतारकी शिकतात, गवंडीकाम शिकतात, तसाच तो जवळच्या माणसांकडून शिकला जातो. कसे करायचे हे तर शिकतातच, पण 'असे करण्यात काही वावगे नाही' हेही शिकतात.

धनेगावचा पोरगा

या शिकण्याचा पुरावा लातूर तालुक्यातच आहे. धनेगावचे लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ साली आले आणि पुढल्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या जमातीच्या कपाळावर चोरीचा शिक्का मारला गेला, तिच्यातले हे लेखक. लहान पोरांना खिसे कापायला कसे शिकवत, पोलिसांच्या माराने तोंड उघडू नये म्हणून त्यांना आधीच मार खायची सवय कशी लावत, आणि चोरीच्या मालात पोलिसांचा वाटा कसा असे, हे सारे त्यात आले आहे. अर्थात ही शाळाच होती. फक्त तिथे पाटी नव्हती.

इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. निजामाच्या मुलखातही अशा जमातींवर पहारा होताच. १९५२ साली हा कायदा रद्द झाला, पण गावाच्या मनातला शिक्का पुसला गेला नाही. काम मागायला गेले तर चोर म्हणून हाकलायचे आणि चोरी केली की 'बघा, आम्ही म्हणत नव्हतो' असे म्हणायचे. हॉवर्ड बेकर यांनी १९६३ साली हेच शास्त्राच्या भाषेत मांडले : समाज ज्याला वाया गेलेला ठरवतो, तो हळूहळू तसाच वागू लागतो. पारधी समाजाच्या बाबतीत मराठवाड्यात आजही हे चालू आहे. कुठे चोरी झाली की आधी पालावर धाड पडते.

लक्ष्मण गायकवाड मात्र त्या शाळेतून सुटले. कारण बापाने जमातीचा विरोध पत्करून त्यांना दुसऱ्या, पाटीच्या शाळेत घातले. त्या पोरापर्यंत बाप आधी पोचला.

आधी कोण पोचतो?

ट्रॅव्हिस हिर्शी या अभ्यासकाने १९६९ साली प्रश्नच उलटा केला. माणूस गुन्हा का करतो हे विचारण्यापेक्षा बहुतेक माणसे तो का करत नाहीत, हे विचारा. त्याचे उत्तर चार दोऱ्यांचे आहे : कोणावर तरी जीव असणे, काहीतरी गमावण्याची भीती असणे, दिवस कामात गुंतलेला असणे, आणि नियम आपलेच आहेत असा विश्वास असणे. या दोऱ्या तुटल्या की पोरगा मोकळा होतो आणि मोकळ्या पोराला टोळी उचलते. फ्रेडरिक थ्रॅशर यांनी १९२७ साली शिकागोतल्या १,३१३ टोळ्यांचा अभ्यास मांडला. त्यातल्या कितीतरी टोळ्या आधी साधी गल्लीत खेळणारी पोरं होती.

तथागतांनी ही गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वी सांगितली आहे. दीघनिकायातल्या चक्कवत्ति-सीहनाद सुत्तात क्रम दिला आहे : निर्धनांना धन न मिळाल्याने दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या. कूटदन्त सुत्तात राजाला सल्ला मिळतो तो असा की, केवळ दंड करून लुटारू संपणार नाहीत. शेतकऱ्याला बी द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, चाकराला वेतन द्या. १९९९ साली महाराष्ट्राने संघटित गुन्हेगारीविरुद्ध मकोका आणला. कायदा हवाच. पण कायदा पोरापर्यंत पोचतो तो सर्वांत शेवटी.

बी आणि वेतन हे सरकारचे काम आहे, आणि त्यासाठी मोर्चे काढणे हे आपले. पण चार दोऱ्यांपैकी काही आपल्या हातात आहेत. विहारात रात्री दहापर्यंत दिवा आणि चार बाकडी असली तर अभ्यासिका होते. दहावी नापास पोराला 'गेला वाया' म्हणण्याऐवजी पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरून द्यावा. आय.टी.आय.च्या प्रवेशाची तारीख फळ्यावर लिहावी. पोरगा दोन दिवस नाक्यावर दिसला तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन चहा प्यावा. आणि त्याच्या खिशात न कमावलेली नोट दिसली तर आईने ती घरखर्चात न घेता आधी विचारावे, 'बाळा, ही कोणी दिली?'

भाईकडे पैसा आहे, फलक आहेत, मोटारसायकली आहेत. पण पोरगा पाचवीत असतो तेव्हा भाईला त्याचे नावही माहीत नसते. आपल्याला असते. त्या पाच-सात वर्षांत त्याच्याशी कोण बोलले, यावरच तो फलकावर दिसेल की नाही हे बऱ्याच अंशी ठरते.