बाराटांगच्या वाटेवर

अंदमानला जायचे ठरले तेव्हा आईच्या मनात एकच जागा होती: सेल्युलर जेल. रायपूरच्या तात्यापाऱ्यात तिचे बालपण गेले. त्या घरात देवांच्या शेजारीच सावरकरांचा फोटो असे. 1911 ते 1921 ही वर्षे त्यांनी जिथे काढली, तो तुरुंग तिला एकदा डोळ्यांनी पाहायचा होता. सात लांब इमारतींपैकी आता तीनच उरल्या आहेत. एका कोठडीसमोर ती बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "माझं झालं. आता तुझं."

माझे म्हणजे जंगल. आम्ही छत्तीसगढची माणसे सालवनाच्या सावलीत वाढलेली. पण हे अरण्य निराळेच. गर्जनाचे सरळ उंच बुंधे, पडाउक, वेत, वेलींची गुंतागुंत, आणि खाडीच्या काठी चिखलात मुळे रोवून उभी असलेली खारफुटी. दक्षिण आणि मध्य अंदमानच्या मधे बाराटांग बेट आहे. तिथल्या चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी पाहायला आम्ही पहाटेच निघालो.

जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा ताफा जमला होता. पुढचा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो. थांबायचे नाही, फोटो काढायचे नाहीत, खायला काही द्यायचे नाही. हा रस्ता बंद करा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2002 सालीच सांगितले होते. तरी आम्ही त्यावरून चाललो होतो.

गाडीत मागून कुणीतरी विचारले, "दिखेंगे क्या?" मला राग आला, पण खरे सांगायचे तर माझीही नजर झाडांवर नव्हती. मीही तेच शोधत होते.

एका वळणावर रस्त्याच्या कडेला एक बाई उभी होती, कडेवर मूल. सगळी गाडी त्या खिडक्यांकडे कलली. मीही वाकले. आईने मात्र मान फिरवली आणि दुसऱ्या बाजूच्या जंगलाकडे पाहत राहिली.

बोटीत बसल्यावर मी तिला विचारले, "तू पाहिलं नाहीस?"

"कुणाच्या घरावरून जाताना आत डोकवायचं नाही, एवढं तरी शिकवलंय ना तुला?"

मला नवा रायपूरचे पुरखौती मुक्तांगण आठवले. पाहुणे आले की मीच त्यांना तिथे नेते. आदिवासींच्या पुतळ्यांच्या खांद्यावर हात टाकून ते फोटो काढतात आणि कॅमेरा माझ्याच हातात असतो. आपण हे काय करतो, असे कधी मनात आले नव्हते.

गुहा सुंदर होत्या. ज्वालामुखी म्हणजे राखाडी चिखलाचे डबके. त्यातून थंड बुडबुडे येतात, एक फुटला की बऱ्याच वेळाने दुसरा. आईला तो फार आवडला. परतताना त्याच रस्त्यावर मी फक्त गर्जनाचे शेंडे पाहत बसले.

रायपूरला परतल्यावर शेजारणीने पहिला प्रश्न विचारला, "जारवा दिसले का हो?"

आई म्हणाली, "चिखल उकळताना पाहिला. आणि बाई, तो चक्क गार असतो!"