घरपट्टी कुणी भरायची?

घरपट्टी भाडेकरूनेच सोसायची, असं मी कित्येक वर्षं ठासून सांगत आलो. घरात राहतं कोण, पाणी कोण वापरतं, कचरा कुणाचा? मग कर माझ्या खिशातून का? कोथरूडचा आमचा फ्लॅट भाड्याने दिला तेव्हा तर हे मत अधिकच पक्कं झालं. मालक स्वतः राहत असेल तर पुणे महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते. ती गेली आणि साधारण बारा हजारांचं बिल वीस हजारांवर पोचलं. ‘पीटी-३ अर्ज भरा, स्वतः राहतो म्हणून लिहा, कोण बघायला येतंय?’ असा एजंटचा सल्ला. खोटं लिहिणं जमणार नव्हतं. वरचे आठ हजार मी करारातून भाडेकरूवर टाकले.

करार पुन्हा करताना भाडेकरू मुलीने बिल मागून घेतलं आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचली. सर्वसाधारण कर, सफाई, वृक्षकर, जललाभ, पथकर. म्हणाली, “काका, पाण्याचं, सफाईचं समजू शकते. पण रस्ते झाले, मेट्रो आली, फ्लॅटची किंमत वाढली. ती तर तुमचीच ना?”

मला उत्तर सुचेना. २०२२ मध्ये वनाजहून मेट्रो सुरू झाली, त्यानंतर भाडं मीच वाढवलं होतं. वाढीव भाडं माझं, वाढलेली किंमत माझी आणि वाढीव पट्टी तेवढी तिची, हे मला स्वतःलाच पटेना.

त्यात प्राप्तिकराचाही हिशेब आहे. पट्टी मालकाने स्वतः भरली तरच ती भाड्याच्या उत्पन्नातून वजा होते, तीही प्रत्यक्ष भरली त्या वर्षी. उरलेल्या रकमेवर आणखी ३० टक्के सरसकट वजावट मिळते. भाडेकरूला यातलं काहीच नाही. शिवाय आठ हजार म्हणजे महिन्याला पावणेसातशेच्या आत. तेवढ्यासाठी चांगला भाडेकरू गेला आणि फ्लॅट महिनाभर रिकामा राहिला, तर बावीस हजारांचं भाडं बुडतं, दलाली वेगळीच.

ते कलम मी करारातून काढलं. दरवर्षीची पाच टक्के भाडेवाढ मात्र ठेवली आहे, ती मला रास्त वाटते. बिल आलं की मेअखेरच्या आत भरतो, सर्वसाधारण करात सूट मिळते. थकलं तर महिन्याला दोन टक्के शास्ती. सोसायटीतले दोघे-तिघे अजून पट्टी भाडेकरूकडूनच वसूल करतात. विषय निघाला की त्यांच्याशी मी वाद घालतो.