घट्ट हात, सैल हात

आमच्या घरात कुणाकडे बाळ येणार अशी कुणकुण लागली, की डॉक्टर कोण हे नंतर विचारतात. आधी लोकर कुणी आणायची ते ठरतं. रंगावर फारशी चर्चा होत नाही. मुलगा की मुलगी हे आधी जाणून घ्यायला १९९४च्या कायद्याने बंदी, त्यामुळे फिकट पिवळा, पिस्ता आणि पांढरा हेच तीन रंग फिरून फिरून येतात. (बंदी नसती तरी सासूबाईंनी गुलाबी लोकर घरात येऊ दिली नसती. ‘मळतो’ हे त्यांचं कारण. मग पांढरा कसा चालतो, हे विचारायची अजून कुणाची छाती झालेली नाही.)

मग वाटणी. बाळंतविडा म्हटला की टोपडं, कुंची, स्वेटर, पायमोजे, दुपटं आणि हल्ली ब्लँकेटही. डोंबिवलीत काय, मुंबईत काय, जानेवारीतसुद्धा पंखा बंद करायची वेळ क्वचितच येते. पण बाळ थंडीत होवो नाहीतर ऐन मे महिन्यात, लोकरीचं टोपडं त्याला चुकत नाही. ही वाटणी कुणाला काय विणायला आवडतं यावर होत नाही, कुणाचा हात कसा आहे यावर होते. सासूबाईंचा हात घट्ट. त्यांनी विणलेला पायमोजा फरशीवर ठेवला तर उभा राहतो. नणंदेचा हात सैल, म्हणून दुपटं आणि शाल तिच्याकडे; तिच्या हातची शाल अंगावर अशी पडते की उठून काढून ठेवावीशी वाटत नाही. धाकट्या जावेचा हात फोनवर कोण आहे त्यावर ठरतो. माहेरचा फोन आला की टाके सैल पडतात, ऑफिसचा आला की आवळतात, आणि एका बैठकीत दोन्ही फोन झाले तर ते स्वेटरच्या पाठीवर दिसतं.

हात म्हणजे लोकर बोटांतून किती ओढून घेता ते. करंगळीला एक वेढा द्यायचा की दोन, तर्जनीवरून लोकर कशी सोडायची, टाका सुईच्या निमुळत्या टोकावरच विणून टाकायचा की मागे जाड भागावर नेऊन, या बारीक सवयींतून हात घडतो. तो अक्षरासारखा असतो. शिकवणाऱ्या बाईंचं अक्षर जसं आपल्याला येत नाही, तसा त्यांचा हातही येत नाही. मला विणायला सासूबाईंनीच शिकवलं, पण माझा हात त्यांच्यासारखा झाला नाही; मधलाच राहिला.

बाहेरच्या माणसाला हा फरक किरकोळ वाटतो. समजा, दहा सेंटिमीटरांत एकीचे २२ टाके बसतात आणि दुसरीचे २४. दोनच टाक्यांचं अंतर. पण ९० सेंटिमीटर छातीच्या स्वेटरसाठी दोघींनी १९८ टाके घातले, तर पहिलीचा स्वेटर ९० भरतो आणि दुसरीचा साडेब्याऐंशी. एकीने पाठ आणि दुसरीने पुढचा भाग विणला, तर जोडताना दोन वेगळ्या माणसांचे स्वेटर हातात येतात. म्हणून एका सुईवर दुसरीने हात मारायचा नाही, असा आमच्याकडे दंडकच आहे. कुणी चहा ठेवायला उठली आणि तिचं विणकाम सोफ्यावर राहिलं, तर ‘दोन सुया (म्हणजे दोन ओळी) काढून ठेवते’ म्हणून कुणी ते उचलत नाही. मदत करायची तर चहा करावा.

यावर पुस्तकी उपाय म्हणजे सुई बदलणं. घट्ट हाताला जाड सुई, सैल हाताला बारीक. आपल्याकडे सुया अजून जुन्या नंबरांनी ओळखतात आणि नंबर वाढतो तशी सुई बारीक होते: ८ नंबरची सुई चार मिलिमीटरची, १० नंबरची सव्वातीन. नवीन गोल सुयांवर मात्र मिलिमीटर छापलेले असतात. भाचीने मोठ्या हौसेने ऑनलाइन ‘८’च्या सुया मागवल्या, त्या आल्या ८ मिलिमीटरच्या. सासूबाईंनी त्या उलटसुलट करून पाहिल्या आणि कुंडीतल्या मोगऱ्याला आधार म्हणून रोवून टाकल्या.

घरातलं हे असं. पण माझं निम्मं विणकाम लोकलमध्ये झालंय. लेडीज डब्यात कुणी भाजी निवडतं, कुणी पोथी वाचतं, कुणी उभ्याउभ्या डुलकी काढतं; आम्ही चौघी-पाचजणी विणत असू. तिथे लांब सरळ सुया चालत नाहीत. चौथ्या सीटवर टेकलेल्या बाईच्या कोपराला सुईचं टोक लागलं की ठाण्यापर्यंत ऐकून घ्यावं लागतं. गोल सुया त्यातल्या त्यात बऱ्या, कारण हात मांडीच्या रुंदीत राहतात. पण लोकलला खरा धार्जिणा क्रोशा. गर्दीच्या रेट्यात दोन सुयांपैकी एक निसटली तर टाक्यांची अख्खी ओळ उघडी पडते. क्रोशाची सुई सुटली तर एकच टाका सुटतो. दादर आलं, सुई पर्समध्ये टाकली, उतरलं. परतताना साखळी जिथे होती तिथेच. आमच्यातल्या एकीने तोरणाची अख्खी झालर दादर ते कल्याण अशीच पुरी केली. ती कधी पाच मिनिटं जास्त बसायला मिळालं म्हणून खूश व्हायची नाही; गाडी सिग्नलला थांबली म्हणून मात्र व्हायची.

या डब्यातल्या मैत्रिणी आणि घरच्या, सगळ्यांनी मिळून एक ब्लँकेट विणायचं निघालं तेव्हा हा हातांचा प्रश्न ऐरणीवर आला. चौकोन विणून जोडायचे, एवढं सगळ्यांना मान्य. प्रत्येकीने ३० टाके घालून चौकोन विणावा, असं कुणीही पटकन सुचवेल. पण दहा सेंटिमीटरांत २० टाके बसणाऱ्या सैल हाताचा चौकोन १५ सेंटिमीटरचा होतो आणि २४ बसणाऱ्या घट्ट हाताचा साडेबाराचा. सहा चौकोनांच्या ओळीत हा फरक १५ सेंटिमीटरांवर जातो. ओढून ताणून शिवलं तरी पहिल्या धुण्यात ब्लँकेट आपलं खरं रूप दाखवतं.

त्यावरची युक्ती जुनी आहे: चौकोन कोपऱ्यापासून विणायचा. तीन टाके घालायचे. प्रत्येक सुईच्या सुरुवातीला एक टाका सुलट, मग एक टाका वाढवायचा, उरलेले सगळे सुलट. उलट टाका कुठेच नाही. कड हवी तेवढी लांब झाली की वाढवणं थांबवायचं आणि प्रत्येक सुईला पहिल्या टाक्यानंतरचे दोन एकत्र विणत यायचं, तीन उरले की बंद. सगळ्या सुया सुलट विणल्या की दोन सुयांची उंची साधारण एका टाक्याच्या रुंदीएवढी होते, आणि दोन सुयांत टाके वाढतात दोन, एक या कडेला, एक त्या कडेला. त्यामुळे कोपरा आपोआप काटकोनात येतो. शाळेतली भूमिती अशी मांडीवर येऊन बसेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

यातली खरी गंमत म्हणजे टाके मोजायचेच नाहीत. मी चपलांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे १५ सेंटिमीटरचे तुकडे कापले आणि प्रत्येकीच्या पिशवीत एकेक टाकला. कड पुठ्ठ्याला भिडली की वळायचं. घट्ट हाताला वळेपर्यंत जास्त टाके लागतात, सैल हाताला कमी. चौकोन दोघींचा तेवढाच. कुणालाही ‘जरा सैल वीण गं’ म्हणावं लागत नाही. आणि ते सांगून उपयोगही नसतो. सांगितल्यावर बाई दोन सुया सैल विणते आणि तिसऱ्या सुईला परत स्वतःवर येते. सहा बाय आठ, अठ्ठेचाळीस चौकोन, ९० बाय १२० सेंटिमीटर. बाळ शाळेत जाईपर्यंत पुरतं.

पोत मात्र लपत नाही. तयार ब्लँकेटवरून हात फिरवला की सासूबाईंचा चौकोन कुठला, नणंदेचा कुठला, हे डोळे मिटून सांगता येतं. सासूबाईंचे सगळे एका बाजूला लावले तर ती बाजू ताठ होते, म्हणून घट्ट आणि सैल आळीपाळीने लावायचे. जोडकाम एकाच हाताने व्हायला हवं. तिथे लोकशाही कामाची नाही. ते माझ्याकडे असतं, क्रोशाच्या मुक्या खांबांनी. आणि जोडून झाल्यावर ‘जरा सपाट करू’ म्हणून इस्त्री फिरवायची नाही. बाजारात आपण लोकर म्हणून घेतो ती बहुतेक ॲक्रिलिक असते. तापलेली इस्त्री टेकली की तिचा जीव जातो. वीण लुळी पडते ती कायमची. खऱ्या लोकरीला वाफ मानवते, ही ओलसर करून टाचण्या लावून पसरून ठेवलेलीच बरी. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर खरी, पण राठ. तिचं घोंगडं व्हावं, बाळाचं टोपडं नाही.

मैत्रिणींत बसून काय विणायचं, याबद्दल माझं मत ठाम झालंय: बिनडोक वीण. वेणीची किंवा जाळीची वीण काढली की बाई गप्पांतून उठून गेल्यासारखीच असते. सासूबाई मोजत असताना कुणी काही विचारलं, तर त्या मोठ्यांदा ‘सदतीस, अडतीस’ म्हणतात. तेच उत्तर समजायचं. जाळी रात्री एकटीने, टीव्ही बंद करून. चारचौघींत नुसतं सुलट. सुलट विणताना नजर कामावर आहे असं दिसतं, प्रत्यक्षात कान मोकळे असतात, आणि समोरच्या बाईकडे न बघता ऐकता येतं. डब्यातल्या एका मैत्रिणीने तिच्या नवऱ्याच्या आजारपणाचं पहिल्यांदा सांगितलं ते टाके वाढवतानाच. कुणी हातातलं खाली ठेवलं नाही. ठेवलं असतं तर ती थांबली असती.

पुरुष यात असतात ते लड धरण्यापुरते. लोकर लडीत यायची तेव्हा दोन्ही हात समोर धरून बसायला कुणीतरी लागायचं आणि गुंडा होईपर्यंत त्याची सुटका नसायची. सासरे ते काम पेपर मांडीवर पसरून करत. पुतण्या मात्र लॉकडाउनमध्ये खरोखर विणायला शिकला. त्याला कुणी हसलं की तो पेरूमधलं ताकिले बेट सांगतो: टिटिकाका सरोवरातल्या त्या बेटावर टोप्या पुरुषच विणतात आणि तिथल्या वस्त्रकलेला २००५ साली युनेस्कोने मान दिला. त्याचा हात सासूबाईंपेक्षाही घट्ट आहे.

हे सगळं हौसेचं, हे मी विसरत नाही. आंध्रातल्या नरसापूरच्या बायका क्रोशाची लेस विणतात, अंगणात, ओसरीवर, घोळक्याने. लांबून पाहिलं तर आमच्यासारख्याच. मारिया मीस या समाजशास्त्रज्ञ बाईंनी त्यांच्यावर १९८२ साली पुस्तक लिहिलं आणि दाखवून दिलं की घरी बसून फावल्या वेळात करतात असं म्हटलं, की दिवसभराच्या मजुरीचा भाव कसा पाडता येतो. त्याची छोटी आवृत्ती आपल्या ओळखीपाळखीतही असते. ‘एक स्वेटर विणून द्याल का? लोकरीचे पैसे देते हं,’ असं म्हणणारी बाई स्वतःला उदार समजत असते. मी आता सरळ सांगते, शिकायला या, सुया मी देते. बहुतेकजणी येत नाहीत. एक आली, तिचे चौकोन या ब्लँकेटात आहेत.

सध्या पुढच्या ब्लँकेटाचं चाललंय. सासूबाईंच्या अंगठ्याचे सांधे दुखतात, त्यामुळे त्यांचा हात सैल होत चाललाय. पायमोजे माझ्याकडे आले, त्यांच्याकडे चौकोन. त्यात त्यांना पुठ्ठा मान्य नाही; त्या वीत घालून बघतात. परिणामी त्यांचा प्रत्येक चौकोन अर्ध्या सेंटिमीटरने मोठा, आणि जोडताना तेवढा मला दाबून बसवावा लागतो. हे त्यांना सांगून पाहिलं. त्यांचं म्हणणं, वीत काही चुकत नाही, बाकीच्यांनी आपापले चौकोन वाढवावेत.