शेजारची जोंगा

माणसाला छंद असावा, याबद्दल आमची तक्रार नाही. फक्त तो स्वतःच्या कुंपणात मावावा. टपालाची तिकिटे मावतात, गुलाबाच्या कुंड्या मावतात. आमच्या शेजारच्या निवृत्त सुभेदारांच्या छंदाला मात्र चार चाके आहेत आणि त्याचे नाक आमच्या तुळशीपर्यंत येते.

छंदाचे नाव जोंगा. सौ.ला आधी तो आफ्रिकेतला प्राणी वाटला होता. वास्तविक ती 'जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली'ची आद्याक्षरे. मूळ गाडी जपानची निस्सान पॅट्रोल; १९६९ पासून तीस वर्षे ती जबलपुरात लष्करासाठी बनत होती. इंजिन सहा सिलिंडरचे, ३९५६ सी.सी.चे. नाव पॅट्रोल आणि आहारही तोच! तिला पाहिले की पंपावरचा पोऱ्या खुर्ची सोडून उठतो.

लष्कराच्या लिलावातून निघून, दोन-तीन हात फिरून ही जोंगा सुभेदारांकडे आली, तेव्हा तळाच्या पत्र्यातून रस्ता दिसत होता. दोन वर्षे ते तिच्याखाली आडवे होते. गंजलेले बोल्ट रॉकेलात भिजत घालायचे, कार्ब्युरेटर उघडून जेट फुंकायचे, पाटे उतरवून घासायचे. काकू चहाचा कप चाकाशी ठेवून जात.

मिस्त्री म्हणाला, "साहेब, डिझेल इंजिन टाकू, निम्म्या खर्चात पळेल." पुण्याच्या मुलाचेही तेच मत. मी बँकेतला माणूस. मीही आकडेमोड करून डिझेललाच मत दिले. पण इंजिन बदलायचे तर आर.टी.ओ.ची परवानगी हवी. उलट, गाडी पन्नाशी ओलांडलेली आणि इंजिन-सांगाड्यात बदल न केलेली असेल, तर २०२१ च्या नियमाने 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. मात्र मग ती रोज रस्त्यावर आणायची नाही. म्हणजे पळवायची तर बदला, आणि जपायची तर पळवू नका!

सुभेदार म्हणाले, "इंजिन तेच राहील. अठ्ठावीस वर्षं हाच आवाज ऐकलाय मी. याच्यापुढं बोलणाऱ्यातले किती जण आता उरलेत?"

आमची आकडेमोड तिथेच संपली.

रंगाचे मात्र सुभेदारांच्या हाती नव्हते. १९८९ च्या मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम सांगतो, की ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना. ज्या रंगात तारुण्य गेले, तो सुभेदारांच्या गाडीला चालत नाही. शेवटी राखाडी रंग दिला. हिरव्याचा उरलेला डबा त्यांनी टाकला नाही. परवा पाहिले, तर परसातली पाण्याची टाकी, शिडी आणि कुत्र्याचे घर कडक ऑलिव्ह ग्रीन!

नियम मोटारींबद्दल आहे. कुत्र्याच्या घराबद्दल त्यात काही नाही. मी मुद्दाम वाचून खात्री केली आणि सुभेदारांना तसे लेखी दिले.